जेवून आलेला

“तुम्ही घ्या रे, मी जेवून आलोय,” असं म्हणत जो सगळ्यांत आधी खुर्ची पकडतो, तो तुमच्याही टोळक्यात असणारच. आमच्या कोल्हारात त्याचं नाव भाऊसाहेब.

नगर-मनमाड रस्त्याची धूळ खात आमची चायनीजची गाडी उभी असते. लाल रंग, त्यावर ड्रॅगन, एका अंगाला कढई आणि दुसऱ्या अंगाला निखाऱ्यांची शेगडी. शेगडीवर काडीला ओवलेले चिकनचे तुकडे भाजत असतात. कढईतलं मंचुरियन मुळात मुंबईचं. नेल्सन वांग यांनी ते १९७५ साली तिथं घडवलं, असं सांगतात. त्या मानानं शेगडीच चीनला जवळची. तिकडं शिनजियांगमध्ये मटणाला जिरं-तिखट लावून असंच काडीवर भाजतात आणि बऱ्याच ठिकाणी बिल करताना उरलेल्या काड्या मोजतात.

ही माहिती भाऊसाहेबासमोर सांगायला नको होती. गाडीवाल्याला पद्धत पटली, तो काड्या मोजू लागला. त्या दिवसापासून भाऊसाहेबासमोर एकही काडी दिसलेली नाही. तुकडा तोंडात जातो आणि काडी शेजाऱ्याच्या ताटात. विचारलं तर म्हणतो, “मी कुठं खातोय? मी तर जेवून आलोय.”

जेवून आलेल्या माणसाची भूक काय असते, ते फ्राइड राइसची प्लेट आली की कळतं. “मीठ बघतो” म्हणून पहिला चमचा, “शेजवान कमी पडलंय” म्हणून दुसरा, आणि “आता बरोबर झालं” हे सांगायला आणखी चार. हाफ मागवावं की फुल्ल, यावर त्याचं मत ठाम असतं: फुल्लच. लॉलीपॉपचा एखादा तुकडा उरला तर “अन्न टाकू नये” हे त्याला आठवतं. श्रावणात तो चिकन चिलीतली सिमला मिरची तेवढी उचलतो, भाजीच ती! आणि काँट्री काढायची वेळ आली की त्याला हमखास फोन येतो. फोनवरही तो कुणाला तरी सांगत असतो, “नाही नाही, जेवलो मी.”

एकदा आम्ही कट केला. तो आल्या आल्या सगळ्यांनी विचारलं, “भाऊसाहेब, घरी काय होतं जेवायला?” गडी डगमगला नाही. “पिठलं,” म्हणाला, “म्हणून तर तोंडाला चव नाही. दे बरं एक काडी.”

पुढं ८ डिसेंबर २०२३ उजाडला आणि सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. आमच्यातल्या बहुतेकांचा लाल कांदा नुकताच निघत होता. भाव कोसळले. त्या आठवड्यात गाडीवर बसलो ते सवयीनं. समोर एक हाफ राइस आणि चार चमचे. भाऊसाहेबाचा सगळा ऊस, त्याला कांद्याची झळ नव्हती. तो आला, खुर्चीवर बसला नाही, थेट शेगडीपाशी गेला. “तीन फुल्ल राइस, आणि काड्या लाव भरपूर. पैसे माझ्याकडं.” आम्ही एकदमच म्हणालो, “आरं ऱ्हाऊ दे, आम्ही जेवून आलोय.” त्यानं वळून बघितलं. “मला शिकवता का?” एवढंच म्हणाला. मग आम्ही पोटभर जेवलो, आणि त्या रात्री प्रत्येक काडी त्याच्या ताटात गेली.

माणूस वाईट नाही, हे लिहिताना हात जरा जड होतो, पण नाही. फक्त त्या एका रात्रीची आठवण तो दर बैठकीला करून देतो, आणि त्या आठवणीच्या भांडवलावर त्यानं आजवर तिच्या चौपट चिकन वसूल केलंय. निर्यातबंदी तरी आमच्याकडचं मतदान नऊ दिवसांवर आल्यावर, ४ मे २०२४ ला उठली. भाऊसाहेबाला तर निवडणूकच लढवायची नाही.