आधी धपाटा, मग हळद

आमच्या घरात मूल पडलं की पहिला उपचार पाठीवर व्हायचा. गुडघा फुटलेला असो नाहीतर कोपर, आईचा धपाटा आधी आणि चौकशी नंतर. "कुणी सांगितलं होतं माळ्यावर चढायला?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. धाकट्या भावाने एकदा "दादाने" असं खरं उत्तर दिलं आणि धपाट्यांची संख्या वाढली.

आजीचा न्याय वेगळा. ती उंबऱ्याला चापट मारायची, "हात् रे मेल्या!" म्हणायची आणि वर मला सांगायची, "काही नाही, मुंगी मेली!" रक्त माझं, सुतक मुंगीचं.

मग मिसळणाचा डबा यायचा. जखम दिसेनाशी होईपर्यंत हळद दाबली जायची, सोबत चुकून आलेले मोहरीचे दोनचार दाणे आणि वरून आजोबांच्या जुन्या धोतराची चिंधी. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत चक्क मंजूर झालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे करून 1997 साली ते रद्द करून घेतलं. आजीला तिकडे पाठवलं असतं तर निकाल त्याच दिवशी लागला असता, फक्त पेटंटवाल्यांनी तिच्यासमोर उंबऱ्याला अडखळायला नको होतं.

खरचटल्यावर लावायच्या लाल औषधाला मात्र समाजात मान होता. त्यात पारा असायचा हे फार उशिरा कळलं. डाग जितका मोठा तितका वर्गात भाव जास्त, म्हणून भाऊ न लागलेल्या कोपरालाही ते लावून घ्यायचा.

घर खरं हादरायचं ते गंजक्या खिळ्याने. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात राहतात, गंज त्यांना जन्माला घालत नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात आम्ही दिवसभर अनवाणी लोळायचो, तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही. खिळा दिसला की मात्र थेट दवाखाना.

एकदा खिळा माझ्याच पायात घुसला, तेव्हा तिथे मी रडत पाय पुढे केला. कंपाउंडरने सुई वर धरून म्हटलं, "पाय राहू दे. चड्डी सोड आणि उपडा झोप." जाताना उजव्या पायाने लंगडत गेलो होतो, येताना नेमकं कुठल्या पायाने लंगडावं, तेच कळेना.