थांबण्याची घाई कशाला

शनिवारी दुपारी ओहोटी लागली की रायगड जिल्ह्यातल्या आमच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनातून एकेक एटीव्ही बाहेर पडते. चार फुगीर चाके, मोटारसायकलचे हँडल, वाघासारखे तोंड आणि पाठीमागे निळ्या धुराची शेपटी. या वाहनांविषयी अलीकडे फार कडवट बोलले जाते. कुणाला आवाजाचा त्रास होतो, कुणाला वेगाचा, कुणाला आणखी कशाचा. सार्वजनिक प्रश्नाची दुसरी बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे, या कर्तव्यबुद्धीने मी हे लिहीत आहे.

आधी घराणे सांगतो. खरी स्पोर्ट क्वाड म्हणजे यामाहाची रॅप्टर 700. तिचे इंजिन 686 सीसीचे असते आणि ती चालवायला मनगटाइतकेच डोकेही लागते. आमच्या किनाऱ्यावरच्या गाडीने रॅप्टरचे फक्त तोंड घेतले आहे, काळीज 110 सीसीचे आहे. मोठ्या घराण्याशी नाते सांगायचे आणि त्याचा खर्च मात्र टाळायचा, ही रीत आपल्या लग्नपत्रिकांनाही नवी नाही.

अमेरिकेतले क्वाडवाले वापरलेले पार्ट ज्या पद्धतीने विकत घेतात ते पाहिले की त्यांची कीव येते. यामाहाची बॅनशी ही टू-स्ट्रोक गाडी तिकडे 1987 ते 2006 अशी विकली गेली. आजही लोक तिच्या जुन्या पार्टसाठी वणवण फिरतात. मॉडेलचे वर्ष जुळवतात, पार्ट नंबर ताडून बघतात, ॲक्सल सपाट फरशीवर फिरवून वाकलाय का ते पाहतात, क्रँककेसला कुठे वेल्डिंगचा टाका आहे का ते नखाने चाचपतात. माणसाचा माणसावर इतका अविश्वास! आमच्या किनाऱ्यावर या गाड्या भाड्याने देणाऱ्या मालकाला मी एकदा विचारले, की मागच्या चाकाचा हा ड्रम याच गाडीचा आहे ना? तो हसला. "काका, पार्ट घेतोय, ब्लाउजपीस नाय. मॅचिंग कशाला?"

या एका वाक्यात आपली सगळी उदारता आली. त्या गाडीवर कार्ब्युरेटर एका मोटारसायकलचा, ब्रेकची केबल स्कूटरची कापून आखूड केलेली, स्प्रॉकेट तिसऱ्याच कुणाचे आणि फूटरेस्ट म्हणून पाण्याच्या पाइपचा तुकडा. सर्वधर्मसमभाव घटनेत आहे हे शाळेत शिकलो होतो. तो फिरताना प्रथमच पाहिला. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, किंवा कुर्ल्याच्या भंगाराच्या गल्ल्यांत, ज्या लोखंडाने आपले आयुष्य संपले असे समजून डोळे मिटले होते, त्याला इथे समुद्रकिनारी पुनर्जन्म मिळतो. तोही पर्यटन क्षेत्रात.

चाकाचे बेअरिंग तपासायची एक साधी पद्धत आहे. चाक वरून आणि खालून धरायचे आणि हलवून बघायचे. खडखडले तर बेअरिंग गेले. मी हलवून पाहिले, चाकाने मला जवळजवळ नमस्कार केला. मालकाने याला 'थोडा प्ले' म्हटले. मुलांच्या वाट्याला हल्ली खेळ कमी येतो अशी आपली तक्रार असते. तो चाकातच पुरवला असेल तर आपण कुरकुरू नये.

देखभालीच्या बाबतीत तर या व्यवसायाने संयमाचा आदर्श घालून दिला आहे. गाडीबरोबर येणारे पुस्तक म्हणते, वाळूत आणि खाऱ्या पाण्यात चालवल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवा, चेन पुसून तेल द्या, एअर फिल्टरचा स्पंज धुऊन तेलात भिजवून पिळून बसवा, ब्रेक कोरडे करून बघा. हे पुस्तक लिहिणाऱ्याने कोकणातला मे महिना पाहिलेला नाही. जिथे बाया हंड्यासाठी रांगेत उभ्या असतात तिथे चेनला अंघोळ घालणे शोभते का? म्हणून चेनला समुद्र धुतो आणि वाळू पुसते. वाळू, मीठ आणि जुने तेल यांचे जे काळे मिश्रण तयार होते ते पॉलिश पेपरचे काम करते, आणि महिन्याभरात स्प्रॉकेटचे दाते झिजून जातात. आजीच्या वयात दात राहत नाहीत, हे आपण घरी समजून घेतो ना?

एअर फिल्टर तर काढूनच टाकला होता. पिकअप वाढतो, असे कारण मला देण्यात आले. माझा अंदाज वेगळा आहे: मुंबई-पुण्याची माणसे मोकळ्या हवेसाठी इथे येतात, मग इंजिनानेच स्पंजातून श्वास का घ्यावा? आता त्या वाऱ्याबरोबर बारीक वाळूही सिलिंडरात जाते, पिस्टनच्या रिंगा झिजतात, इंजिन ऑइल जळू लागते आणि निळा धूर निघतो. पण संध्याकाळी किनाऱ्यावर डास किती असतात, हेही आक्षेप घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

टायरचेही तसेच. या फुगीर टायरांत हवा जेमतेम 4 ते 5 पीएसआय भरायची असते. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचे मीटर इतक्या लहान आकड्यांशी बोलतच नाही. म्हणून अंगठ्याने दाबून 'बस झाली' म्हणेपर्यंत हवा भरतात. मग टायर दगडासारखा होतो आणि गाडी चेंडूसारखी. गिऱ्हाइकाला उडायचे पैसे वेगळे पडत नाहीत.

देखभाल नाही म्हणून कुणी मालकावर कंजुषीचा आरोप करील तर तो अन्याय होईल. सुधारणांवर तो सढळ हाताने खर्च करतो. सायलेन्सरची आतली जाळी काढून घेतली आहे, त्यामुळे गाडी येते हे किनाऱ्यावरच नव्हे, वाडीतल्या देवळातही कळते. हँडलखाली निळे दिवे आहेत, मागे स्पीकर आहे आणि सीट लांबवून घेतली आहे. मूळ गाडीवर कंपनीचा एक स्टिकर होता: सोळा वर्षांखालील मुलांना चालवायला देऊ नका, मागे माणूस बसवू नका. त्यावर आता 'आई एकवीरा प्रसन्न' हा मोठा आणि सुबक स्टिकर बसला आहे. इशारा गेला, आशीर्वाद आला. देवीला कुणी विचारले होते की नाही, हे कळायला मार्ग नाही.

लहान मुलांच्या एटीव्हीवर दोन गोष्टी कारखान्यातूनच असतात. एक म्हणजे अंगठ्याच्या थ्रॉटलमागचा एक स्क्रू. तो आत फिरवला की गाडी ठरावीक वेगापुढे जातच नाही. दुसरी म्हणजे मागे लोंबणारी एक दोरी. तिचे टोक मोठ्या माणसाच्या हातात ठेवायचे. मुलाने घोळ घातला की दोरी ओढायची, इंजिन बंद. स्क्रू कधीच निघाला होता. दोरीची मी चौकशी केली तेव्हा तिच्यावर शेजारच्या स्टॉलचे टॉवेल वाळत होते. चांगली, न कुजणारी दोरी होती. वाया गेली नाही, याचा आनंद मानावा.

माझा भाचा बारा वर्षांचा. तो पुढे, त्याची बहीण मध्ये आणि मागे मी, असे आम्ही एका राऊंडला निघालो. या गाडीला डिफरन्शियल नसतो. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर, एकाच गतीने फिरतात. म्हणून वळताना चालवणाऱ्याला स्वतःचे अंग आतल्या बाजूला झोकावे लागते, नाहीतर गाडी एका बाजूवर उचलली जाते. कंपनी मागे माणूस बसवू देत नाही ती याचसाठी. चालवणाऱ्याला सीटवर इकडून तिकडे सरकायला जागा हवी. आम्हाला सरकायला जागा नव्हती. आम्ही फक्त एकमेकांना घट्ट धरू शकत होतो. आजच्या विभक्त कुटुंबांच्या काळात अशी संधी दोनशे रुपयांत मिळते, हे मी मोकळ्या मनाने नोंदवतो. भाच्याने ब्रेक दाबला तेव्हा लिव्हर हँडलला टेकला आणि गाडी भेळेच्या टेबलाकडे निघाली. शेवटी कोरड्या वाळूत तिची चाके रुतली, म्हणून थांबलो. मी मालकाला ब्रेकविषयी छेडले. "वाळू हाय ना काका," तो म्हणाला, "थांबायची एवढी घाई कशाला?"

कायद्याचे नाव घेणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की इथे कायद्याचा भंग करायला वावच ठेवलेला नाही. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करू देत नाही. बरोबर. पण जी गाडी आरटीओच्या कागदावर जन्मलीच नाही तिच्यात बदल झाला, हे कोण कशावरून म्हणणार? नंबर नाही म्हणून पीयूसी नाही, फिटनेस नाही, विमा नाही. पोलॅरिस कंपनीने आपली स्पोर्ट्समन 570 आपल्याकडे रस्त्यावर चालावी म्हणून ती चक्क ट्रॅक्टर म्हणून नोंदवून घेतली. इतका खटाटोप! किनाऱ्यावर उतरली असती तर शेतकरी व्हायचीही गरज नव्हती.

अमेरिकेत 1988 साली, मुले फार जखमी होतात म्हणून, सरकारने कंपन्यांना तीनचाकी एटीव्हीची विक्री बंद करायला लावली. अख्खे चाक वाढवले लोकांनी! आम्ही चारपैकी तीन चाकांवरही वळण घेतो. आणि कासवांची काळजी करणाऱ्यांचेही एक सांगून टाकतो. वेळासच्या किनाऱ्यावर 2002 पासून लोक ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणात जपतात, पिल्ले समुद्राकडे जाताना काठावर उभे राहून टाळ्या वाजवतात. चाकोरीत पडलेले बोटभर पिल्लू बाहेर येऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. आमच्या किनाऱ्यावर पिल्ले नाहीतच. प्रश्न मुळातच मिटलेला आहे.

देखभालीच्या अभावाचा जो शिक्का या धंद्यावर बसला आहे तो अगदीच खरा नाही, हे निघताना माझ्या लक्षात आले. सुरूच्या बुंध्याला एक लोखंडी पाटी बांधली आहे. दर वर्षी गणपतीनंतर, हंगाम सुरू होण्याआधी, मालक ती खरवडतो, गंज काढतो, प्रायमर मारतो आणि त्यावर चांगल्या कंपनीच्या इनॅमलचे दोन हात देतो. पाटीला वापरलेला रंग चालत नाही. आम्ही गेलो तेव्हा ती नुकतीच लिहून झाली होती आणि मालक भाच्याला सांगत होता, बाळा, हात लावू नको, ओली आहे. पांढऱ्यावर लाल ठसठशीत अक्षरे: 'वाहन स्वतःच्या जबाबदारीवर चालवावे.'