प्रकरण तिथे पौर्णिमा

ते तुम्हाला भेटलेले आहेत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या खुर्चीवर, वाचनालयाच्या वार्षिक समारंभात, नाहीतर साहित्य संमेलनातल्या पुस्तकांच्या गाळ्याच्या अगदी तोंडाशी. खादीचा झब्बा, वर जाकीट, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये स्वतःच्याच कादंबरीच्या पाच-सहा प्रती. ते नाव विचारतात, माणूस बेसावधपणे सांगून बसतो, आणि खरकटा हात धुवायच्या आत पहिल्या पानावर 'रसिकवर्य अमुक यांस' असं लिहून सही झालेली असते. सही झालेलं पुस्तक परत कसं करणार? किंमत 450. "तुम्हाला 300."

ऐतिहासिक प्रणयकादंबरीकार ही जमात बहुधा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊनच जन्माला येते. हे गृहस्थही कर्जवसुलीला होते. शनिवारवाड्याविषयी ते अशा काही हक्काने बोलतात, की यांचा तिथे दोन खोल्यांचा ब्लॉक होता आणि 1828 च्या आगीत तो गेला, असंच ऐकणाऱ्याला वाटावं.

त्यांच्या कादंबरीत दोन माणसांनी एकमेकांकडे पाहायचं म्हटलं की आधी चंद्र उगवतो. आणि तो पूर्ण असतो. पहिल्या कादंबरीची प्रकरणं 22, त्यांतल्या 19 प्रकरणांत पौर्णिमा. कथानक चैत्रात सुरू होतं आणि आश्विनात संपतं. एका निवृत्त गणितशिक्षकांनी चिकाटीने हिशेब करून कळवलं, की चैत्र ते आश्विन पौर्णिमा येतात 7. उरलेल्या 12 आपण कुठून आणल्या? कादंबरीकारांचं उत्तर उलटटपाली आलं : "आपण अधिक मास धरलेला दिसत नाही."

बाकीच्या चुका ते दिलदारपणे मान्य करतात. पहिल्या कादंबरीतला शिलेदार 1735 साली आपल्या प्रियेला पर्वतीवरच्या देवळात भेटतो. ते देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधून पुरं केलं. ठीक आहे, भेट टेकडीच्या पायथ्याशी हलवली. दोघं हजारी कारंज्याचे तुषार अंगावर घेतात. ते कारंजं सवाई माधवरावासाठी झालं, आणि सवाई माधवराव जन्मला 1774 मध्ये. कारंजं काढलं, विहीर घातली. शिलेदाराची आई पाहुण्यांना चहा विचारते. आसामात चहाचे मळे लागायला अजून शंभर वर्षं होती. चहाचं ताक केलं. देऊळ गेलं, कारंजं गेलं, चहा गेला. चंद्राला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

दुसरी कादंबरी पानिपतावर. युद्धाच्या आदल्या रात्री नायक डेऱ्याबाहेर येऊन घरच्या आठवणीने उसासतो, आणि आकाशात काय असावं? लढाई झाली 14 जानेवारी 1761 रोजी, पौष शुद्ध अष्टमीला. म्हणजे आदल्या रात्री सप्तमीचा चंद्र, अर्धा, आणि तोही मध्यरात्रीच्या सुमारास मावळायला निघालेला. हे कुणीतरी भर व्याख्यानात उठून सांगितलं. कादंबरीकार क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पौर्णिमा नायकाच्या मनातली आहे." टाळ्या पडल्या.

खरं तर इतिहासाने त्यांना एक अस्सल पौर्णिमा देऊ केली होती. पन्हाळ्याहून शिवाजी महाराज निसटले ती 1660 सालची आषाढी पौर्णिमा. पण त्या रात्री पावसाची झोड उठलेली, चंद्र ढगाआड आणि पालखीचे भोई चिखलात. हा प्रसंग निघाला की कादंबरीकारांच्या चेहऱ्यावर स्वतःची फसवणूक झाल्यासारखे भाव येतात.

घराणं तसं जुनं आणि मोठं आहे. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' 1871 मध्ये पुस्तकरूपाने आली, तिथून हे सुरू. मग हरिभाऊ, नाथमाधव. 1962 मध्ये रणजित देसाईंची 'स्वामी' आली, दोन वर्षांत तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि घरोघरी माधवराव-रमाबाईंसाठी पदर डोळ्यांना लागले. 1972 मध्ये ना. सं. इनामदारांची 'राऊ' आली. त्यानंतर महाराष्ट्रात ज्याच्या ज्याच्या हाती पेन्शन आणि पेन एकाच वेळी पडलं, त्याला वाटू लागलं की मस्तानीवर आपल्यालाही काही सांगायचं आहे.

सांगायचं कसं, हा खरा पेच. कारण मराठीत ऐतिहासिक प्रेमकथेचा नायक हा नुसता नायक नसतो. तो कुणाचा तरी पूर्वज असतो, कुठल्या तरी चौकातला पुतळा असतो आणि कुठल्या तरी समितीचं श्रद्धास्थान असतो. 2015 च्या 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई आणि मस्तानी नुसत्या एकत्र नाचल्या, तर केवढा गहजब झाला! मग बिचाऱ्या बँकवाल्याने काय करावं? नायक दोन पावलं पुढे येतो, नायिका मान खाली घालते, श्वास वाढतात, आणि नेमक्या त्या घटकेला लेखक वाचकाची हनुवटी धरून त्याचं तोंड आकाशाकडे वळवतो. दीड पान चंद्र. मान खाली करावी तर नवं प्रकरण लागलेलं, आणि नायक मोहिमेवर. त्यांच्या 19 पौर्णिमा म्हणजे 19 वेळा ओढलेला पडदा आहे. प्रकाशकाला हे गुपित लेखकाच्या आधी कळलं होतं. पहिल्या पुस्तकाच्या वेळी निम्मा खर्च लेखकाकडून घेताना त्याने एकच सूचना केली : मुखपृष्ठावर चंद्र मोठा घ्या.

कोजागिरीची गोष्ट तर सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. गच्चीवर सतरंज्या पडल्या, दूध आटलं, कुणी भावगीतं सुरू केली, खाली चारदा निरोप गेला. कादंबरीकार काही वर येईनात. खिडकी लावून, ट्यूबलाइटखाली बसून ते चांदण्याचं वर्णन लिहीत होते. शेवटी बायको दुधाचा पेला घेऊन खाली गेली. हस्तलिखित संगणकावर तीच उतरवते. तिसऱ्या कादंबरीत तिने एक पौर्णिमा गुपचूप वगळून पाहिली होती. त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं.

एवढी थट्टा झाल्यावर एक गोष्ट मात्र नाइलाजाने सांगावी लागते. तिसरी कादंबरी बाजीरावावर लिहायची ठरली तेव्हा हा माणूस मोडी शिकला. वयाच्या साठीनंतर, वर्गात नातवाच्या वयाच्या मुलांशेजारी बसून. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून छापलेले 45 खंड आहेत; ते त्याने एकामागून एक घरी आणले. त्याला प्रेम हवं होतं. कागदांत सापडल्या फौजांच्या हालचाली, वसुल्या, रोजमुरे. मस्तानीचा उल्लेख मोजक्या ओळींचा, तोही बहुतेक तिच्यावर चिडलेल्यांनी केलेला. त्याऐवजी त्याला भेटली ती बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं. कर्ज, कर्ज आणि कर्ज. सावकारांच्या पाया पडून पडून टेकीला आलेला सेनापती. उभा जन्म वसुलीच्या नोटिसा लिहिलेल्या माणसाने ती वाचली, आणि त्या दिवशी तो घरात कुणाशी बोलला नाही म्हणतात.

मग तो रावेरखेडीला गेला. मध्य प्रदेशात, खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या काठी. 28 एप्रिल 1740 रोजी बाजीराव तिथेच गेला, चाळिशीही न गाठता. मस्तानी जवळ नव्हती. त्यावरचं शेवटचं प्रकरण सात पानांचं आहे. नदी आहे, उकाडा आहे, हिशेबनीसाच्या दिव्याभोवती किडे आहेत, देण्यांची यादी आहे. दोघं एका ठिकाणी नाहीत, त्यामुळे झाकायलाही काही नाही. तिथी दिली आहे वैशाख शुद्ध त्रयोदशी. पंचांगाबरहुकूम.

प्रकाशकाने विनवलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, पौर्णिमाच करून टाका, वाचकांना आता सवय झाली आहे. कादंबरीकार नको म्हणाले. मुखपृष्ठावर चंद्र घ्यायलाही त्यांनी नकार दिला, तेव्हा प्रकाशकाने खर्चातला आपला निम्मा वाटा काढून घेतला आणि सगळे पैसे निवृत्तिवेतनातून गेले. एक हजार प्रती छापल्या. काही ग्रंथालयांनी घेतल्या, बाकीच्या कॉटखाली आहेत.

पुस्तक हाती आलं तर शेवटचं प्रकरण आधी वाचा. अलीकडच्या सगळ्या प्रकरणांत पौर्णिमा आहे.