पडण्याआधीचं बोला

आई बाथरूममध्ये पडली की भावंडांची बैठक बसते. विषय एकच: आईला आता कुठे ठेवायचं? बाथरूमचं काय करायचं, हे कुणी विचारतं का?

गुळगुळीत टाइल्स तशाच राहतात. धरायला काही नाही, दाराला आतून कडी, मधे चार इंचांचा उंबरठा. ह्यातलं काही हलत नाही. हलवतात ते आईला.

चाळीस वर्षं त्या घरात काढलेल्या बाईला दूधवाला, वायरमन, औषधांचं दुकान सगळं तोंडपाठ असतं. मुलाच्या बाराव्या मजल्यावर नेलं की तिला इंटरकॉमसुद्धा परका. मग आपणच म्हणतो, आईला हल्ली काही जमत नाही.

जमत होतं. परवापर्यंत जमत होतं.

आता सरकार. २०२४च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार. निर्णय चांगलाच आहे. पण हे पैसे रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. म्हणजे खुबा मोडल्यावरचे.

मोडण्याआधी काय?

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या गरजूंना एकदाच ३,००० रुपये देते. कशासाठी, ते पाहा: चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा. गरजेचंच आहे सगळं. पण वॉकर उंबरठ्याला अडला, तर त्या उंबरठ्याचा खर्च कुणी द्यायचा?

सोसायटीची सभा तर याहून कठीण. चार मजले, लिफ्ट नाही. तळमजला म्हणतो, आम्ही पैसे का द्यायचे? इमारतीच्या रंगाला मात्र सगळे हात वर. बरं, लिफ्ट राहू द्या. जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा हवा, हा विषय तरी कधी निघाला? तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा सहा महिने खाली उतरलेले नाहीत. त्यांची आठवण फक्त वर्गणीच्या यादीत.

एक मात्र बजावून सांगते. स्वतंत्र राहू देणं वेगळं आणि एकटं टाकणं वेगळं. ज्यांना गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही, त्यांना सोबत हवीच. पण गुडघे दुखतात म्हणून कुणी घर सोडायचं?

या रविवारी आईकडे जाल तेव्हा मिठाईच्या पुड्याबरोबर प्लंबरही न्या. कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्क्या दांड्या बसवा. कडी काढून बाहेरूनही उघडेल असं कुलूप लावा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा. एक किल्ली शेजारी. फोनजवळ १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर, मोठ्या अक्षरांत.

आणि कुठे राहायचंय, हे तिला विचारा. आजच, ती धडधाकट असताना.