देशी बागेचे नाना

नानांच्या बंगल्यापुढे पूर्वी लॉन होतं. रोज पाणी, दर पंधरवड्याला कापणी, वर माळ्याचा पगार. माळी एकदा गावी गेला तो परतलाच नाही, आणि नानांना देशी वनस्पतींचा साक्षात्कार झाला. लॉन जळालं, पावसाळ्यात तिथे लव्हाळा माजला. "माजला नाही," नाना म्हणाले, "राखलाय!"

आता त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी हातात लव्हाळ्याची दांडी येते. "फिरवा बोटांत. लागतात ना तीन कडा? गवताची काडी अशी नसते. याला गवत म्हणालात तर गाठ माझ्याशी!" पाहुणा कबूल होतो, कारण चहा अजून यायचा असतो. मग गुणगान: पाणी घालायला नको, खत नको, खुरपणी नको. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळलं तरी जमिनीतल्या गाठी शाबूत. मृगाच्या सरी आल्या की अंगण पुन्हा हिरवं. काम टाळायची कारणं शोधायला नाना जेवढं राबतात, तेवढ्यात दोन गुलाबबागा उभ्या राहिल्या असत्या.

गुलाबबाग आहे ती शेजाऱ्यांची. लव्हाळा कुंपणाखालून तिथे पोचला, तसे ते खुरप्यासकट आले. "नाना, हे जगातलं सगळ्यात वाईट तण आहे! तज्ज्ञांनी 1977 साली पुस्तकच काढलंय, त्यात याचा पहिला नंबर!"

"पहिला? जगात?" नानांचा चेहरा उजळला. तेव्हापासून हा दाखला प्रत्येक पाहुण्याला मिळतो. 'वाईट' हा शब्द तेवढा खोकल्यात जातो.

दिवाळीच्या तोंडावर नानी उटणं कुटायला बसल्या. "अहो, नागरमोथा संपलाय. तुमच्या लव्हाळ्याच्या मूठभर गाठी खणून द्या. चांगला वास असतो त्यांना."

"खणून?" नाना दचकले. "अगं, त्या गाठी जमिनीत एकीला एक जोडलेल्या असतात. मधली तोडली की बाकीच्या निजलेल्या जाग्या होतात, कोंब फुटतात!"

"मग बरंच की. बाग वाढेल तुमची."

यावर नानांकडे शास्त्र नव्हतं. त्यांनी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून नागरमोथ्याची पुडी विकत आणली. पैसे देताना दुकानदाराला बजावलंसुद्धा, "माल अस्सल आहे ना? आमच्या घरी यातले जाणकार आहेत!"