सावलीचे वैरी

आमचे सौरअण्णा तुमच्याही कॉलनीत आहेतच. फक्त नाव वेगळं. गच्चीवर तीन किलोवॅटची पॅनेलं चढली आणि माणूस कामातून गेला. तब्येत विचारा, कालची युनिटं सांगतात.

पण अण्णांचं खरं वैर सावलीशी. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य अगदी माथ्यावर येतो, सावली पायाखालून हलत नाही, तेव्हा अण्णा माणसांत असतात. दिवाळी सरली, सूर्य दक्षिणेला कलला की बिघडतात. डिसेंबरात सूर्य भर दुपारीही 50 अंशांवर जात नाही. सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी. उन्हाळ्यात निरुपद्रवी असलेली शेजारची पाण्याची टाकी आता गुन्हेगार ठरते. "दोन फूट सरकवा की!" टाकी भरलेली, शेजारी तापलेले.

"एका पॅनेलवर सावली पडली की अख्ख्या ओळीची वीज घटते," हे ते दूधवाल्यालाही ऐकवतात. काकूंची वाळत घातलेली साडी उत्तरेच्या कठड्यावर हद्दपार झाली. पॅनेलावर टेकलेल्या कावळ्याला ते "अहो, सरका" म्हणतात. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गच्चीवर गेलो, तर "आधी बाजूला व्हा, मग गोड बोला!"

थंडीची मात्र ते बाजू घेतात. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, गारव्यात खुलतं. दिवस लहान, त्याला इलाज नाही. पाऊस नसल्याने धूळ बसते, म्हणून पहाटे मफलर गुंडाळून पॅनेलं पुसत बसतात. स्वतःची मोटार त्यांनी कधी पुसल्याचं ऐकिवात नाही.

एक कबूल करायला हवं. कॉलनीत कुणीही सोलर घ्यायचं म्हटलं की अण्णा फुकट गच्ची बघून येतात. एकट्या राहणाऱ्या एका आजींना विक्रेत्याने जवळजवळ पटवलं होतं. अण्णा दिवसभर त्यांच्या गच्चीवर सावली मोजत बसले आणि म्हणाले, "आजी, पैसे बँकेत ठेवा. इथे थंडीत दुपारनंतर ऊनच नाही." विक्रेता अजून अण्णांशी बोलत नाही.

आता अण्णांच्या दक्षिणेचा बंगला पाडून अकरा मजली इमारत उठते आहे. तेहतीस मीटर उंची, डिसेंबरात भर दुपारी तीस मीटर सावली: हिशेब त्यांनीच करून दाखवला, आवाज न चढवता. इमारतीला 'सरका' म्हणता येत नाही.

तेव्हा पॅनेलं बसवण्याआधी आपली गच्ची बघाच, पण दक्षिणेचा प्लॉट कुणी विकत घेतलाय, तेही विचारून या.