नावं ठेवण्याआधी

मराठी माणूस वीजबिल भरायला उशीर करील, लग्नाला मुहूर्त टळल्यावर पोहोचेल, पण नावं ठेवायला त्याला कधी उशीर झालेला मी पाहिलेला नाही. पंगतीत जिलबी पानात पडायच्या आत मठ्ठ्यात मीठ कमी असल्याचा निकाल लागलेला असतो. लिफ्टचं दार नीट लावायचं राहिलं, की चौथ्या मजल्यावरच्या बाईंचे संस्कार निघतात. त्या बाईंच्या एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात रडणारं पोर होतं, हे मागाहून कळतं. तोवर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रासकट ‘काही सुशिक्षित सभासदांना नम्र विनंती’ जाऊन पडलेली असते.

आपल्याला उशीर झाला तर रेल्वे फाटक बंद असतं. दुसऱ्याला झाला तर त्याचा स्वभावच तसा. माणसाच्या या खोडीला ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली भलंमोठं शास्त्रीय नाव दिलं. आमच्या आळीतल्या आजींना ती खोडी आधीच ठाऊक होती. फक्त ती आपल्यातही आहे, हे त्यांना मान्य नव्हतं.

मला जास्त आवडतो तो १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रिन्स्टनचा प्रयोग. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी धर्मशास्त्राचे चाळीस विद्यार्थी घेतले. पुढे जाऊन धर्मोपदेशक व्हायचं, असा शिक्षणक्रम. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय होता वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या भल्या शोमरोनी माणसाची, बायबलातली गोष्ट. वाटेत बोळात एक माणूस मान टाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यापैकी १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. करुणेवर बोलायला निघालेले काहीजण कण्हणाऱ्या माणसाला चक्क ओलांडून गेले.

आता हे वाचून ‘काय मेली माणसं!’ असं तुमच्या तोंडून निघालं असेल, तर तुम्हीही घाईच केलीत. ती पोरं दुष्ट नव्हती, त्यांना फक्त उशीर झाला होता. सकाळी आठ सत्तावन्नची लोकल पकडणारा माणूस जिन्यात आपल्याला ओळख देत नाही, त्याला शिष्ट ठरवण्याआधी एवढं आठवलं तरी पुष्कळ.

पैठणच्या एकनाथांची गोष्ट म्हणूनच मला चमत्कारापेक्षा वेळापत्रकाची वाटते. काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड, एवढी लांब वाट, आणि मध्येच वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव. नाथांनी कावड तिथेच रिती केली. ‘हे गाढव एवढ्या उन्हात इथे आलंच कशाला’, असा प्रश्न कथेत कुणीही विचारत नाही. आपण असतो तर पहिला तोच विचारला असता, आणि मग त्याच्या मालकाला नावं ठेवली असती.

हे सगळं दुसऱ्यांबाबत एक वेळ जमतं. स्वतःच्या बाबतीत मात्र भलीभली मऊ माणसं कठोर होतात. शेजारणीचं दूध उतू गेलं तर आपण म्हणतो, “असू दे गं, होतं असं, तू बस, मी पुसते.” आपलं गेलं तर: “मूर्ख! समोर उभी होतीस ना? एक काम धड होत नाही.” हे वाक्य कुणी मोलकरणीला ऐकवलं असतं, तर ती दुसऱ्या दिवशी कामाला आली नसती, आणि बरोबरच केलं असतं तिने. चाळीस पुरणपोळ्या लाटणाऱ्या बाईला रात्री अंथरुणावर आठवते ती फाटलेली एक. ती पोळी खाणाऱ्याला चांगलीच लागलेली असते, कारण तूप फाटलेल्या पोळीत जास्त मुरतं.

काहीजणांना भीती वाटते, की स्वतःला असं माफ करत गेलं तर माणूस सैलावेल. मला ती पटत नाही. शिव्या खाल्ल्याने दूध उतू जायचं थांबत असतं, तर आमच्या पिढीतल्या एकाही घरात ते कधी उतू गेलं नसतं.

दारात उशिरा आलेल्या माणसाला आपल्याकडे आधी पाणी देतात आणि चौकशी मागाहून करतात. ही रीत शेजारणीला लावा, सुनेला लावा, आणि जमल्यास स्वतःलाही. आज दूध उतू गेलं असेल तर ओटा पुसा, आणि पातेल्यात जेवढं उरलं असेल तेवढ्याचा चहा करून घ्या.